नवी सूचना वाचली, पुढे काय? छोट्या दवाखान्यासाठी कामाची पद्धत

औषधाबद्दलचा एखादा इशारा सकाळी फोनवर येतो. डॉक्टर तो दोन पेशंटांच्या मधे वाचतात, 'हे बघायला हवं' असं मनाशी म्हणतात, तेवढ्यात पुढचा पेशंट आत येतो. संध्याकाळपर्यंत तो संदेश इतर वीस संदेशांखाली गेलेला असतो. डॉक्टरांना विचारलं तर ते प्रामाणिकपणे सांगतील की ही गोष्ट त्यांना माहीत आहे. कपाटातलं औषध मात्र जागच्या जागी असतं, आणि ज्या पेशंटला ते चार वर्षं चालू आहे तिला कुणी काही विचारलेलंही नसतं.

फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात माहिती कमी पडते असं फारसं होत नाही. घोडं अडतं ते वाचल्यानंतर. हा लेख त्या नंतरच्या कामाबद्दल आहे. एक-दोन डॉक्टर, एक नर्स आणि रिसेप्शनवर एक माणूस एवढ्यांवर चालणारा दवाखाना डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. मोठ्या रुग्णालयात या कामाला वेगळी समिती असते. इथे तीन-चार जणांनी पेशंट सांभाळून ते करायचं असतं. त्यामुळे पद्धत जितकी साधी तितकी ती टिकेल.

एक कसोटी आधीच ठरवून टाका. दवाखान्यात डोळ्यांना दिसेल असं काहीतरी बदललं, तरच सूचना लागू झाली असं मानायचं. मग ती कपाटातली बाटली असो, कॉम्प्युटरमधला प्रिस्क्रिप्शनचा साचा असो, रिसेप्शनवर विचारायचा प्रश्न असो किंवा फोन करायच्या पेशंटांची यादी असो.

पायरी १ : सूचना एकाच दारातून येऊ द्या

औषध नियामकाचे इशारे, लसीकरण कार्यक्रमाची परिपत्रकं, डॉक्टरांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचना, लॅबने बदललेल्या नॉर्मल रेंज, कंपन्यांची पत्रं हे सगळं आज वेगवेगळ्या वाटांनी येतं. थोडं डॉक्टरांच्या खासगी मेलवर, थोडं ग्रुपवर, थोडं कुरिअरने. आधी दवाखान्याच्या नावाचा एक मेल काढा आणि जिथे जिथे नोंदणी आहे तिथे तोच द्या. तो रोज उघडण्याची जबाबदारी एका माणसावर टाका आणि तो रजेवर असेल तेव्हा कोण उघडणार तेही ठरवा. हे काम डॉक्टरांनीच करायला हवं असं नाही. किंबहुना त्यांनी न केलेलंच बरं, कारण गर्दीच्या दिवशी सगळ्यात आधी तेच मागे पडतं.

आलेली प्रत्येक सूचना एका रजिस्टरमध्ये एका ओळीत चढवायची. रकाने पाच: आल्याची तारीख, विषय, कोणी करायचं, केव्हापर्यंत, झाल्याची तारीख व सही. साधी वही चालते, एक्सेलची शीटही चालते. शेवटचा रकाना रिकामा राहिला की तो नजरेत सलतो, आणि वही ठेवायचा खरा उपयोग तोच.

ग्रुपवर फिरत आलेले संदेश या रजिस्टरमध्ये थेट घेऊ नका. मूळ परिपत्रक किंवा नियामकाच्या साइटवरचं पान सापडलं तरच नोंद करायची. कंपनीच्या प्रतिनिधीने दिलेल्या रंगीत पत्रकालाही हाच नियम लावा. त्यातली माहिती खोटी असेलच असं नाही, पण कुठली बाजू ठळक छापायची हे तिथे दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं.

पायरी २ : निवडा, आणि बहुतेक गोष्टी सोडून द्या

आलेल्या सूचनांचे चार गट करा: आजच, आठवड्यात, तिमाहीत, आणि आपल्याला लागू नाही. चौथा गट सगळ्यात मोठा असायला हवा. त्यातल्या सूचनेसमोर 'लागू नाही' असं लिहून कारणाचे दोन शब्द टाका. नाहीतर सहा महिन्यांनी तोच कागद कुणीतरी नव्याने घेऊन येतं आणि तीच चर्चा पुन्हा होते.

'आजच' गटात येतात औषध परत मागवण्याचे इशारे. ५ ऑक्टोबर २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने गांबियात सापडलेल्या मुलांच्या चार सिरपबद्दल इशारा दिला होता. त्यांत डायएथिलीन ग्लायकॉल आणि एथिलीन ग्लायकॉल ही किडनीला घातक रसायनं प्रमाणाबाहेर आढळली होती. असा इशारा येतो त्या दिवशी कपाट, ड्रॉवर, सँपलचा खोका आणि डॉक्टरांची बॅग या चारही जागा बघायच्या. सँपलचा खोका हमखास विसरतो. नाव आणि बॅच नंबर दोन्ही जुळवा. जुळलेला माल वेगळ्या पिशवीत भरून त्यावर 'वापरू नये' लिहा आणि परत कसा करायचा ते कळेपर्यंत कुलपात ठेवा. कचऱ्यात टाकू नका, कारण परत केल्याची नोंद लागते आणि तपासणीसाठी तो मालही लागू शकतो. ज्यांना ते औषध दिलं त्यांचे नंबर त्याच दिवशी काढा. यासाठी मुळात दवाखान्यातून देताना बॅच नंबर लिहून ठेवलेला असावा लागतो. ही सवय नसेल तर आजपासून लावा, इशाऱ्याची वाट बघू नका.

'आठवड्यात' गटात सुरक्षिततेच्या सूचना येतात: एखाद्या औषधाचा नवा धोका, डोसची नवी मर्यादा, अमुक वयाखाली देऊ नये असा नियम. 'तिमाहीत' गटात उपचारपद्धतीचे बदल. २०१९ मध्ये दम्याच्या 'जीना' या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी सांगितलं की प्रौढ आणि किशोरवयीन पेशंटना फक्त सॅलब्युटामॉलसारख्या झटपट आराम देणाऱ्या इनहेलरवर ठेवू नये, सोबत स्टेरॉइडचा इनहेलर हवाच. हा बदल एका दिवसात होणार नाही. झटपट आराम देणारा निळा इनहेलर वर्षानुवर्षं उराशी बाळगणाऱ्या माणसाला दर भेटीत थोडं थोडं समजवावं लागतं. पण तिमाही संपताना आपल्याकडे असे किती जण आहेत हा आकडा तरी हातात असला पाहिजे.

पायरी ३ : वाचताना चार गोष्टी शोधा

ही सूचना 'सुरू करू नका' म्हणते की 'बंद करा'? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यगटाने शिफारस केली की हृदयविकार झालेला नाही अशा ६० किंवा त्याहून जास्त वयाच्या लोकांत तो टाळण्यासाठी ॲस्पिरिन नव्याने सुरू करू नये. ही बातमी पुढे 'ॲस्पिरिन नको' एवढीच होऊन पोचली, आणि स्टेंट टाकलेले पेशंटही गोळी बंद करू का असं विचारायला लागले. ज्याला हार्ट ॲटॅक येऊन गेला आहे किंवा स्टेंट आहे त्याच्याबद्दल ती शिफारस नव्हतीच.

दुसरं, शिफारस ठाम आहे की सशर्त? 'ग्रेड' या पुरावा तोलण्याच्या पद्धतीने तयार झालेल्या सूचनांत हे स्पष्ट दिलेलं असतं, आणि पुराव्याची खात्री किती हे त्यापासून वेगळं दिलेलं असतं. सशर्त शिफारस असेल तर पेशंटशी बोलून ठरवायचं असतं. तिचा दवाखान्यात सरसकट नियम करू नका.

तिसरं, धोका खरोखर कितीने कमी होतो? शंभरातल्या दोघांना होणारा त्रास एकावर आला तरी 'निम्म्याने घट' असं लिहिता येतं. पेशंटला सांगताना शंभरातले किती हेच सांगा.

चौथं, ही सूचना कुठल्या नियामकाची आहे? ॲसिडिटीच्या रॅनिटिडिन या औषधात एनडीएमए ही कॅन्सरचा धोका असलेली अशुद्धी सापडली, ती साठवणीच्या काळात आणि उष्णतेने वाढते असं दिसलं, आणि १ एप्रिल २०२० रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते बाजारातून काढून घ्यायला सांगितलं. सगळ्या देशांनी तसाच निर्णय घेतला नाही. कायद्याने तुम्हाला बांधतो तो तुमच्या देशाचा नियामक. दुसऱ्या देशाचा इशारा वाचून पर्याय बदलायला अर्थात कुणाची आडकाठी नाही.

पायरी ४ : सूचनेचं काम करा, एक उदाहरण शेवटपर्यंत

व्हॅल्प्रोएटचं उदाहरण घेऊ, कारण त्यात सगळ्या अडचणी एकत्र भेटतात. हे औषध फिट, बायपोलर आजार आणि मायग्रेन रोखणं अशा तीन वेगळ्या कारणांसाठी दिलं जातं. गरोदरपणात ते घेतल्यास सुमारे १० टक्के बाळांत मोठं जन्मजात व्यंग आणि ३० ते ४० टक्के मुलांत चालणं, बोलणं, शिकणं यांत अडचणी दिसतात. युरोपात २०१८ पासून नियम कडक झाले: मूल होऊ शकेल अशा वयाच्या मुली आणि स्त्रियांना हे औषध द्यायचं तर खात्रीचं गर्भनिरोधन, लेखी माहिती आणि दर वर्षी तज्ज्ञांकडून फेरविचार हे सगळं हवं.

आता दवाखान्यात काय करायचं? आधी यादी. कॉम्प्युटरमध्ये शोधताना एकच नाव टाकू नका. सोडियम व्हॅल्प्रोएट, व्हॅल्प्रोइक ॲसिड, डायव्हॅल्प्रोएक्स ही तिन्ही नावं आणि तुमच्या भागात चालणारे ब्रँड, सगळं शोधा. कागदी केसपेपर असतील तर औषधाच्या दुकानदाराची मदत घ्या. रिफिल कोण नेतं हे त्याला बरोबर ठाऊक असतं. पण आपल्या बाजूने नावं त्याच्याकडे सोपवू नका. पेशंटची माहिती दवाखान्याबाहेर जाता कामा नये. औषध दुसऱ्याच डॉक्टरने सुरू केलं असलं तरी नाव यादीत घ्या. 'ते न्यूरोलॉजिस्ट बघतात' असं म्हणून प्रत्येक जण सोडून देतो आणि ती बाई सगळ्यांच्या मधून निसटते.

मग यादीचे तीन भाग पाडा. गरोदर असलेल्या किंवा पाळी चुकलेल्या पेशंटना डॉक्टरांनी स्वतः आजच फोन करायचा. ज्यांना ते मायग्रेनसाठी आहे त्यांना याच आठवड्यात बोलवायचं, कारण तिथे पर्याय भरपूर आहेत. फिट किंवा बायपोलर असलेल्यांची तज्ज्ञांकडे अपॉइंटमेंट ठरवायची आणि चिठ्ठीत विचारायचं काय ते स्पष्ट लिहायचं: 'औषध बदलता येईल का, नसल्यास कमीत कमी डोस किती?' नुसतं 'कृपया तपासावे' लिहिलं तर उत्तरही तसंच येतं.

फोन कोण करणार आणि नेमकं काय बोलणार, हेही लिहून द्या. रिसेप्शनवरून जाणाऱ्या फोनची दोन वाक्यं पुरे: 'डॉक्टरांना तुमच्या गोळ्यांबद्दल बोलायचं आहे, अमुक दिवशी याल का? तोपर्यंत गोळ्या चालूच ठेवा, मनाने बंद करू नका.' दुसरं वाक्य पहिल्याहून महत्त्वाचं आहे. फिटची गोळी एकदम बंद केली तर लागोपाठ फिट येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. फोन घरातल्या दुसऱ्या कुणी उचलला तर कारण सांगायचं नाही, फक्त दवाखान्यात फोन करायला सांगायचं. सतरा वर्षांच्या मुलीच्या फोनवर गर्भनिरोधनाचा विषय तिच्या वडिलांना ऐकू गेला, तर ती पुन्हा दवाखान्यात येणार नाही.

भेटीत एक गैरसमज हटकून निघतो: 'मी फॉलिक ॲसिड घेते, मग काय हरकत आहे?' फॉलिक ॲसिड जरूर द्यावं, पण व्हॅल्प्रोएटमुळे होणारं व्यंग त्याने टळतं असा पुरावा नाही. हे त्याच भेटीत सांगा आणि सांगितल्याची नोंद केसपेपरवर करा.

शेवटी नव्या पेशंटांसाठी अडसर बसवा. प्रिस्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरमध्ये सूचना टाकता येत असेल तर टाका. येत नसेल तर कपाटाच्या त्या कप्प्यावर लाल पट्टी चिकटवली तरी काम होतं. एवढं झालं की मगच रजिस्टरमध्ये सही करायची, त्याआधी नाही.

औषध बदललं तरी पायऱ्या बदलत नाहीत. कोडीन हे अफूच्या जातीचं औषध असलेलं कफ सिरप बारा वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, कारण काही मुलांचं शरीर त्याचं मॉर्फिनमध्ये फार वेगाने रूपांतर करतं आणि श्वास मंदावतो. इथे यादीपेक्षा कपाट आणि साचा यांवर काम जास्त. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनच्या बाबतीत ईजीएफआर (किडनी किती काम करते याचा आकडा) ३० च्या खाली गेल्यास औषध थांबवायचं आणि ३० ते ४५ च्या मधे असल्यास नव्याने सुरू करायचं नाही. तिथे यादी औषधावरून काढायची नाही. ज्यांची क्रिएटिनिन ही किडनीची रक्ततपासणी वर्षभरात झालेलीच नाही त्यांची काढायची.

पायरी ५ : लसींचा फ्रीज

लस बिघडली तर ते ना पेशंटला कळतं, ना डॉक्टरांना. टोचलेली लस निकामी होती हे कळायला साथ यावी लागते. म्हणून या एका कोपऱ्यावर जरा जास्त शब्द.

तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस, शक्यतो ५ च्या आसपास. फ्रीजच्या आत बर्फाचा छोटा कप्पा असलेला एकदारी फ्रीज लसींसाठी वापरू नका, त्यात मागच्या बाजूला लसी गोठतात. उष्णतेची भीती सगळ्यांना असते, गोठण्याची कुणाला नसते. खरं तर हिपॅटायटिस बी, डीपीटी, पेंटाव्हॅलंट, धनुर्वात, एचपीव्ही यांसारख्या ॲल्युमिनियम असलेल्या लसी एकदा गोठल्या की गेल्याच. पुन्हा वितळून पहिल्यासारख्या दिसल्या तरी त्या वापरायच्या नाहीत. बाटलीवरचा व्हीव्हीएम (रंग बदलणारी खूण) फक्त उष्णता दाखवतो: आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तोवर लस चालेल, सारखा किंवा गडद झाला की नाही. लस गोठली होती की नाही हे त्यावरून कळत नाही.

लसी मधल्या कप्प्यांत, मागच्या भिंतीला न टेकवता, खोक्यांतच ठेवा. दारात आणि भाजीच्या ड्रॉवरमध्ये लस ठेवू नका, तिथे पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा. वीज गेली तर त्या गारवा धरून ठेवतात. कुणाचा डबा त्या फ्रीजमध्ये जाणार नाही हा नियम मोडू देऊ नका. डबा काढायला दार दहा वेळा उघडतं, भांडण त्यावरून आहे. कमाल आणि किमान दाखवणारा थर्मामीटर घ्या, सकाळी उघडताना व रात्री बंद करताना दोन्ही आकडे लिहा आणि मग रीसेट करा. रीसेट केलं नाही तर मागच्या आठवड्यातला आकडा रोज उतरवला जातो.

सकाळी थर्मामीटरवर किमान उणे १ दिसलं तर? लगेच टाकू नका आणि लगेच वापरूही नका. सगळ्या लसी एका पिशवीत घालून 'वापरू नये, चौकशी चालू' असं लिहा आणि योग्य तापमान असलेल्या दुसऱ्या फ्रीजमध्ये हलवा. शेवटची बरोबर नोंद किती वाजताची होती, किमान-कमाल किती गेलं, कुठल्या लसी, कुठली बॅच हे कागदावर उतरवा. मग लसीकरण कार्यक्रमाच्या कार्यालयाला किंवा उत्पादकाला फोन करा आणि त्यांनी लेखी कळवल्यावरच ठरवा. दरम्यान कुणाला त्यातली लस दिली गेली असेल तर त्यांची नावं वेगळी लिहून ठेवा.

पायरी ६ : रिपोर्ट परत आला का?

'काही कळवलं नाही तर नॉर्मल समजा' हे वाक्य दवाखान्यातून हद्दपार करा. रिपोर्ट लॅबमध्ये अडकला, चुकीच्या नंबरवर गेला किंवा नमुनाच वाटेत सांडला, तरी पेशंट घरी निर्धास्त बसलेला असतो.

त्याऐवजी तपासण्यांची एक यादी चालू ठेवा. त्यात कधी सांगितली, नमुना गेला का, रिपोर्ट आला का, डॉक्टरांनी बघितला का, पेशंटला सांगितलं का, पुढची कृती झाली का, अशा खुणा हव्यात. नर्सने आठवड्यातून एक दिवस ठरवून फक्त अर्धवट ओळी बघायच्या. 'थायरॉइड, नमुना गेला, रिपोर्ट नाही' अशी ओळ दिसली की लॅबला फोन. 'मॅमोग्राफी, चिठ्ठी दिली, पुढे काही नाही' अशी दिसली की पेशंटला फोन. दुसऱ्या प्रकारच्या ओळींकडे जास्त लक्ष द्या. पेशंट गेलाच नसेल तर त्यामागे बहुधा भीती असते किंवा पैसा, आणि दोन्हींवर बोलता येतं. कॅन्सरच्या शंकेने तज्ज्ञांकडे पाठवलेले पेशंटही याच यादीत हवेत. त्यांची ओळ तज्ज्ञांचं उत्तर हातात आल्यावरच बंद करायची.

धोक्याचे आकडे आले तर लॅबने कुणाला आणि कोणत्या नंबरवर फोन करायचा, हे लेखी देऊन ठेवा. दवाखाना बंद झाल्यावरचा नंबरही द्या. पोटॅशियम ६.५ आल्याचं रात्री साडेआठला कळतं आणि बंद दवाखान्याचा फोन नुसता वाजत राहतो, हे परवडणारं नाही. फोन घेणाऱ्याने पेशंटचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि आकडा लॅबला पुन्हा वाचून दाखवायचा. एकाच नावाचे दोन पेशंट असण्याची वेळ येतेच.

पायरी ७ : रिसेप्शनवरचा फोन

रिसेप्शनवरच्या माणसाने निदान करायचं नाही, पण कोणता फोन थांबवता येत नाही हे त्याला माहीत हवं. फोनशेजारी एक कार्ड चिकटवा आणि त्यावर पुढील गोष्टी मोठ्या अक्षरांत लिहा: छातीत दुखणं किंवा दाब, धाप लागून वाक्य पूर्ण न होणं, तोंड वाकडं होणं वा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं वा बोबडी वळणं, तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश किंवा जास्त ताप, गरोदरपणात रक्तस्राव, बेशुद्धी वा फिट, आणि जीव द्यावासा वाटतो असं कुणी म्हणणं. यांपैकी काहीही ऐकलं की अपॉइंटमेंट द्यायची नाही. त्याच क्षणी डॉक्टरांना आवाज द्यायचा किंवा ॲम्ब्युलन्सचा नंबर सांगायचा. डॉक्टरांनीही एक पथ्य पाळायचं: अशा वेळी आत आलेल्या माणसावर कधीही खेकसायचं नाही. एकदा ओरडा खाल्ला की तो पुढच्या वेळी दार वाजवणार नाही.

इंजेक्शनच्या खोलीत ॲनाफिलॅक्सिसचा, म्हणजे जीवघेण्या ॲलर्जीचा, ट्रे हाताशी असावा. त्यात आधी ॲड्रिनलीन, १ मिलीत १ मिलिग्रॅम. प्रौढांना ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या मध्यावर बाहेरच्या बाजूला स्नायूत, गरज पडल्यास ५ मिनिटांनी पुन्हा. मुलांना वजनानुसार किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. हे डोस झाकणावरच लिहा. ॲलर्जीविरोधी गोळी-इंजेक्शन हा याला पर्याय नाही. पेशंटला आडवं ठेवा, उभं करू नका. एक्सपायरी दर महिन्याला बघा.

ब्लडप्रेशरच्या मशीनबद्दल एवढंच की नव्या मर्यादांवर वाद घालण्याआधी कफ मोजा. जाड दंडाला लहान कफ लावला तर आकडा फुगतो आणि नसलेल्या आजाराची गोळी सुरू होते. मोठा कफ विकत घ्या, पेशंटला पाच मिनिटं पाठ टेकवून शांत बसवा, कफ उघड्या दंडावर लावा, आणि दोनदा मोजा.

पायरी ८ : झालं का, ते बघा, आणि एकट्याने ओढू नका

तीन महिन्यांनी परत बघायची तारीख रजिस्टरमध्ये सूचनेसोबतच टाका. तपासायची पद्धत सोपी ठेवा: डोळे मिटून दहा केसपेपर उचला आणि बदल किती ठिकाणी दिसतो ते मोजा. दहापैकी चारच ठिकाणी दिसला तर माणसं शोधू नका, अडचण शोधा. साचा बदलला नव्हता का, वेळ पुरत नव्हता का, पेशंट ऐकत नव्हते का? अँटिबायोटिकसाठीही हे मोजता येतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अँटिबायोटिकची ॲक्सेस (आधी वापरायची), वॉच (जपून वापरायची) आणि रिझर्व्ह (शेवटचा उपाय म्हणून राखलेली) अशी विभागणी केली, आणि २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीत ठरलं की २०३० पर्यंत जगभरातल्या वापरात ॲक्सेस गटाचा वाटा किमान ७० टक्के असावा. मागच्या शंभर प्रिस्क्रिप्शनांत तुमचा वाटा किती, हे एका दुपारी मोजून होतं. उत्तर बघून थोडं ओशाळायला होईल, त्याला इलाज नाही.

आठवड्यातून पंधरा मिनिटांची बैठक घ्या. उभ्याने घेतलीत तर लांबत नाही. पहिला शब्द रिसेप्शनच्या माणसाला द्या, डॉक्टर शेवटी बोलतील. पेशंट बाहेर बसून काय बोलतात, कुणी औषध महाग म्हणून परत केलं, कुणाच्या लक्षात डोस राहत नाही, हे फक्त त्यालाच माहीत असतं. काही चुकलं असेल तर नाव न घेता घटना सांगायची, आणि पुढच्या वेळी काय बदलायचं यावर थांबायचं.

शेजारच्या दोन-तीन दवाखान्यांशी वाटणी करून घ्या. एकाने औषध नियामकाच्या सूचना वाचायच्या, दुसऱ्याने लसींच्या, तिसऱ्याने दीर्घ आजारांच्या. प्रत्येकाने महिन्यातून एकदा अर्ध्या पानाचा मजकूर पाठवायचा, त्यात काय बदललं आणि दवाखान्यात काय करायचं एवढंच लिहायचं. लेख पुढे ढकलायचे नाहीत. स्पर्धा असली तरी हे जमतं, कारण वाचायचा कंटाळा सगळ्यांना सारखाच असतो. शंका आली तर कुणाला विचारायचं याचे नंबर आधीच जमवा: लॅबमधले पॅथॉलॉजिस्ट, रुग्णालयातले फार्मासिस्ट, लसीकरण अधिकारी.

डॉक्टर रजेवर जाताना बदली डॉक्टरांसाठी एक पान तयार असावं: अर्धवट रिपोर्टची यादी कुठे आहे, धोक्याच्या आकड्यांचे फोन कुणाकडे येतील, फ्रीज आणि कपाटाच्या किल्ल्या, चालू महिन्यात बदललेल्या तीन-चार गोष्टी. रेकॉर्ड कॉम्प्युटरवर असेल तर त्याच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक दवाखान्याबाहेर. बॅकअप घेतला जातो आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नका. महिन्यातून एकदा त्या बाहेरच्या प्रतीतून एका जुन्या पेशंटचा केसपेपर प्रत्यक्ष उघडून बघा. उघडला नाही तर ज्याने यंत्रणा बसवली त्याला त्याच दिवशी बोलवा आणि तोवर नव्या नोंदींची कागदी प्रतही ठेवा.